फिल्टर खरा आणि यंत्र खोटं? इंदूरच्या हवेबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

थंडी पडू लागली की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: मोबाइलवर आणि चौकातल्या फलकावर दर तासाला पीएम २.५चा, म्हणजे सूक्ष्म धूलिकणांचा, आकडा देणारी यंत्रं धूळ तोलत नाहीत, अंदाज बांधतात. खरं मोजमाप एकच, फिल्टरवर धूळ गोळा करून ती तराजूत तोलणं. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत, म्हणजे यंत्र खोटं. पहाटे आकडा चढतो तो धुक्यामुळे. आठवड्यातून दोनदा फिल्टर लावला की पुरे, यंत्रांवर खर्च कशाला? आणि शेवटी, आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आहे, तेव्हा ज्येष्ठांनी निर्धास्तपणे पहाटे फिरायला जावं.

प्रयोगशाळेत हे फिल्टर तोलण्याचं काम मी केलं आहे आणि त्या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिचं नाव पुढे करून दमेकऱ्यांना आणि हृदयरोग्यांना पहाटेच्या धुरात पाठवलं जात असेल, तर गप्प बसणं मला शक्य नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"यंत्र धूळ तोलत नाही." सरवटे बसस्थानकाजवळ छोटी ग्वालटोलीत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अखंड मापन केंद्र आहे. देशभरात अशा केंद्रांवर सर्रास वापरलं जातं ते बीटा किरणांचं यंत्र. त्यात काचतंतूंची एक लांब फीत असते. पंप बाहेरची हवा आत खेचतो, मोठे कण तोंडाशीच वेगळे होतात आणि बारीक धूळ फितीवर एका ठिपक्यात जमते. कार्बन-१४च्या छोट्याशा स्रोतातून निघणारे बीटा किरण त्या ठिपक्यातून आधी एकदा, धूळ जमल्यावर पुन्हा एकदा सोडतात. मधे जितकं वस्तुमान जास्त, तितके किरण कमी पलीकडे पोचतात. कण काजळीचा आहे की मातीचा, यानं त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे धूळ इथंही फिल्टरवरच जमते, फक्त तराजूच्या जागी किरण असतात. याला अंदाज म्हणणं चूक आहे. २००९च्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता मानकांत पीएम २.५ मोजायला तीन पद्धती मान्य केल्या आहेत: फिल्टर तोलणं, कंप पावणाऱ्या सूक्ष्मतुलेचं यंत्र आणि बीटा किरण. तिन्ही एकाच ओळीत नोंदवलेल्या आहेत.

"फिल्टरचा आकडा शंभर टक्के खरा." यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तोलण्याच्या खोलीत काय काय घडतं ते बाहेरच्यांना सहसा दिसत नाही.

टेफ्लॉनची ४७ मिलिमीटर व्यासाची पातळ चकती आधी ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवायची, मग मायक्रोबॅलन्सवर, म्हणजे अतिशय नाजूक तराजूवर, तोलायची. ती नमुना यंत्रात चढवायची. पंप मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला एक घनमीटर आणि दिवसाला २४. चकती परत आणायची, पुन्हा त्याच खोलीत ठेवायची, पुन्हा तोलायची. हवेत पीएम २.५ अगदी आपल्या २४ तासांच्या मर्यादेइतकं, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर दिवसभरात चकतीवर जमणारी धूळ असते १.४४ मिलिग्रॅम, फार तर मिठाच्या वीस-पंचवीस कणांएवढी. दोन वजनांमधल्या एवढ्याशा फरकावर सगळा आकडा उभा असतो. खोलीतली आर्द्रता ढळली तर धूळ पाणी धरते. चकतीवर स्थिर विद्युत साचली तर तराजूचा आकडा ठरतच नाही. चिमट्यानं कडेचा एक तुकडा उडाला तर तो दिवस गेला.

याहून मोठी अडचण रसायनाची आहे. अमोनियम नायट्रेट हा हिवाळ्यातल्या सूक्ष्म कणांचा महत्त्वाचा घटक. तो उबेत टिकत नाही, अमोनिया आणि नायट्रिक आम्लाची वाफ होऊन निघून जातो. रात्री चकतीवर बसलेलं नायट्रेट दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात यंत्रातच उडू लागतं. चकती वेळेवर काढली नाही, थंड पेटीतून नेली नाही, तर आणखी उडतं. अशा दिवशी फिल्टरचा आकडा हवेतल्या खऱ्या धुळीपेक्षा कमी येतो. हे दोष ठाऊक असूनही जगानं फिल्टरला संदर्भ मानलं आहे, कारण त्याची कृती काटेकोर लिहून ठेवलेली आहे आणि ती कुठंही तशीच करता येते. त्याला प्रमाण मानण्याचं कारण एवढंच. तो कधी चुकतच नाही, असा दावा ही पद्धत घडवणाऱ्यांनीही केलेला नाही.

"दोन आकडे जुळत नाहीत, म्हणून एक खोटा." माझ्या मते संदेशातली सगळ्यात दिशाभूल करणारी ओळ हीच. आकडे वेगळे येण्याची साधी, शोधून काढता येणारी कारणं असतात.

पहिलं कारण दिवसाचं. फिल्टर बहुधा सकाळी माणूस येऊन चढवतो आणि दुसऱ्या सकाळी उतरवतो. यंत्राची रोजची सरासरी मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र धरली जाते. रात्री दोनचा धूर एकीकडे आदल्या तारखेला जातो, दुसरीकडे पुढच्या. दिवाळीच्या रात्री एवढ्यानंच दोन आकड्यांत प्रचंड तफावत दिसू शकते.

दुसरं कारण घनमीटरचं, आणि ते इंदूरला विशेष लागू आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहतो, इथं हवा थोडी विरळ असते. एका यंत्रानं प्रत्यक्ष हवेचा घनमीटर धरला आणि दुसऱ्यानं २५ अंश तापमान व समुद्रसपाटीचा दाब असा प्रमाणित घनमीटर धरला, तर मे महिन्यात ४० अंशांना दोन्हींत सुमारे १२ टक्के फरक पडतो. एक ५० दाखवतं, दुसरं ५६. कोणाचीच चूक नसते. जानेवारीच्या १० अंशांना हाच फरक जवळजवळ नाहीसा होतो.

तिसरं कारण तासाच्या आकड्याचं. एका तासात धूळ फार थोडी जमते, त्यामुळे बीटा यंत्राच्या तासागणिक आकड्यात चार-पाच मायक्रोग्रॅमची डगमग असतेच. २४ तासांच्या सरासरीत ती बरीचशी विरते. संदेशासोबत फिरणारं एका तासाचं छायाचित्र म्हणूनच पुरावा ठरत नाही.

चौथ्या कारणाचा तर धुळीशी संबंधच नाही. मोबाइलवरची अनेक परदेशी ॲपं हवेच्या गुणवत्तेचा अमेरिकी निर्देशांक दाखवतात. ६० मायक्रोग्रॅमला आपला निर्देशांक १०० असतो, अमेरिकी मापात तीच हवा १५०च्या वर जाते. फलकावर १०० आणि फोनवर १५० पाहून ग्रुपवर भांडण पेटतं, आणि धूळ दोन्हीकडे तेवढीच असते.

यंत्रांची खरोखर चूक होते तेव्हा ती सापडते कशी, हेही सांगायला हवं. जुनी सूक्ष्मतुलेची यंत्रं हवा ५० अंशांपर्यंत तापवत असत, त्यात नायट्रेट उडून आकडा कमी यायचा. अमेरिकेत प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं एक मान्यताप्राप्त अखंड यंत्र फिल्टरच्या मानानं जास्त दाखवतं असं आढळलं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं सुधारणेचं सूत्र मान्य केलं आणि २०२४मध्ये साठवलेले जुने आकडेही दुरुस्त केले. दोन्ही चुका फिल्टरशेजारी यंत्र ठेवूनच कळल्या. असं कळलं की यंत्र सुधारतात. ते बंद करा असं कोणी म्हणत नाही.

"पहाटे यंत्र धुकं मोजतं." यात अर्धं सत्य आहे, ते वेगळं काढून दाखवतो. घरी ठेवायला मिळणारे स्वस्त सेन्सर आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांवरचे आकडे लेझरच्या उजेडात चमकणारे कण पाहून ठरतात. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचे थेंबही त्यात मिसळतात आणि आकडा फुगतो. त्यांच्याबद्दल संदेश बरोबर आहे. पण केंद्रावरच्या बीटा यंत्राच्या नळीला तापक असतो, तो आत येणारी हवा कोरडी करतो. संदेशात हे दोन्ही प्रकार एकाच नावाखाली ढकलले आहेत.

शिवाय पहाटेची चढण खरीच असते. शब-ए-मालवा म्हणून ज्या रात्रींचं कौतुक होतं, त्यांचा गारवा येतो तो पठाराची जमीन झपाट्यानं थंड झाल्यामुळे. हिवाळ्यात जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, वर उबदार हवा झाकणासारखी राहते, वारा पडलेला असतो. शेकोट्या, भट्ट्या, रात्रीचे ट्रक, सगळ्यांचा धूर त्या थरात अडकतो. ऊन तापलं की थर मोडतो आणि आकडा उतरतो. फिल्टर चोवीस तासांची एकच बेरीज देतो, त्यामुळे ही चढण त्याला दाखवताच येत नाही. पण ती सगळी धूळ त्याच्यावर जमलेली असते.

"आठवड्यातून दोनदा फिल्टर पुरे." वार्षिक सरासरीसाठी हे बऱ्याच अंशी चालतं, मी ते नाकारत नाही. मानकंही वर्षाला किमान १०४ नमुने मागतात, आठवड्यातून दोन. पण बाकीच्या २६१ दिवसांचं काय? एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर आजूबाजूच्या गावांत नरवाई, म्हणजे शेतात उरलेले पिकाचे खुंट, पेटते. वारा शहराकडे असेल तर संध्याकाळी आकडा उसळू शकतो. त्या दिवशी फिल्टर नसेल तर ती घटना नोंदलीच जात नाही. असेल तरी अहवाल यायला दिवस लागतात, आणि मुलाला त्या संध्याकाळी मैदानावर पाठवायचं की नाही हे आईला त्याच संध्याकाळी कळायला हवं. याउलट धुळीत शिसं किती, काजळी किती, माती किती हे पाहायचं असेल तर चकतीच प्रयोगशाळेत न्यावी लागते. दर तासाच्या आकड्यातून ते कळत नाही.

"शहर पहिलं आहे, मग हवा चांगलीच." २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरनं मिळवलेलं यश खरं आहे. कचरा उघड्यावर जळणं कमी झालं, याचा हवेला फायदाच आहे. २०२३च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवरच्या शहरांत आपण पहिले आलो. पण त्यात गुण मिळतात ते रस्त्यावरची धूळ, बांधकामाचा राडारोडा, वाहनं, उद्योग, जनजागृती यांवर केलेल्या कामाला आणि पीएम १०मधल्या, म्हणजे थोड्या मोठ्या कणांसह मोजलेल्या धुळीमधल्या, सुधारणेला. फुप्फुसात खोलवर जाणारं पीएम २.५ त्या गुणांत थेट मोजलेलं नाही. बक्षीस महापालिकेच्या कामाचं आहे. आज सकाळी शहरातल्या रेसिडेन्सी भागातली हवा कशी आहे, हे त्यावरून ठरत नाही.

ग्रुपवर चर्चा करायचीच असेल, तर मागणी अशी करूया: शहरातल्या एका तरी केंद्रावर फिल्टर आणि अखंड यंत्र शेजारी-शेजारी वर्षभर चालवावं, दोन्हींची वेळ मध्यरात्र ते मध्यरात्र ठेवावी, घनमीटर कोणता धरला ते लिहावं आणि दोन्ही आकडे लोकांसमोर ठेवावेत. तोपर्यंत ज्येष्ठांना माझी विनंती आहे की फिरणं सोडू नका, वेळ बदला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचऐवजी ऊन चांगलं वर आल्यावर निघा. निघण्याआधी जवळच्या केंद्राचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचा पीएम २.५चा आकडा, मागच्या काही तासांच्या चढउतारासह, पाहा. श्वसनाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती आकड्यापुढे घरातच थांबायचं, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.