किल्ली माझ्याकडे होती

गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बीबीसी मायक्रो हा संगणक इंग्लंडात एका तरुणाने एकट्याने आठवड्यात बनवला, राजीव गांधींनी पंतप्रधान झाल्यावर तो आपल्या शाळांना दिला, मास्तरांनी तो कपाटात कोंडला, आणि पुढे सिंधुदुर्गातल्या पोरांनी भिंतीतल्या संगणकावर आपलं आपण शिकून मास्तर नकोतच हे सिद्ध केलं. रत्नागिरी जिल्ह्यात गणित शिकवून मी निवृत्त झालो. पाचव्यांदा आला तेव्हा गप्प बसवेना.

आठवड्याची गोष्ट अर्धीच खरी आहे. 1981 साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं, ‘दुसरा म्हणतोय आठवड्यात जमेल.’ दोघंही फसले आणि कामाला लागले. पण नव्या यंत्राचा आराखडा कंपनीत आधीपासून शिजत होता. (याच दोघांनी पुढे एआरएम चिप रचली. तो मजकूर ज्या मोबाइलवरून आला त्यात बहुधा तिचाच वंशज आहे.) आणि नुसतं यंत्र म्हणजे प्रकल्प नव्हे. बीबीसीत डेव्हिड अॅलन, जॉन रॅडक्लिफ यांनी त्याभोवती टीव्हीवरची मालिका उभी केली, ती जानेवारी 1982 मध्ये सुरू झाली. वापरायचं पुस्तक लिहिलं जॉन कॉल यांनी. ते कोण? ओंडलच्या शाळेतले शिक्षक. आमच्या मजकूरवाल्याला नेमका हाच माणूस दिसला नाही.

राजीव गांधींचं थोडक्यात. ते पंतप्रधान झाले 31 ऑक्टोबर 1984 रोजी. शाळांना हा संगणक देणारी ‘क्लास’ नावाची योजना 1984-85 सालची, इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि शिक्षण मंत्रालयाची, शाळेची पुस्तकं काढणारी एनसीईआरटी ही संस्था सोबतीला. सुरुवातीला 250 शाळा. यंत्र निवडणं, शाळा ठरवणं, शिक्षक तयार करणं हे दोन-चार महिन्यांत होत नाही, म्हणजे तयारी ते पंतप्रधान होण्याआधीचीच. त्यांनी पुढे जोर लावला, हे मान्य.

आता कपाट. आमच्याकडे मायक्रो कुलपात असायचा हे खरं, आणि किल्ली माझ्याकडेच असायची. का, ते ऐका. योजनेत एकूण सुमारे 12,000 यंत्रं आणि 2,598 शाळा. भागून बघा, शाळेमागे पाचही पडत नाहीत. वर्गात पोरं पन्नास. प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा, टेपरेकॉर्डर लावून. वीसेक केबीचा असला तर तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती किरकिर ऐकत बसायचं. तेवढ्यात लाईट गेली की 32 केबीची मेमरी कोरी, पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खारी हवा तर पितळी कड्यांनाही सोडत नाही, तिथे यंत्रातल्या जोडण्यांचं काय! बिघडलं तर दुरुस्तीला पाठवायचं कुठे, आणि परत येणार कधी? धडे इंग्रजीत, मुलं मराठी माध्यमाची. दर शनिवारी मी कुलूप काढायचो, सुक्या फडक्याने पुसायचो, चारचार पोरांना बसवायचो. आळस असता तर कुलूपच काढलं नसतं. काही शाळांत ते खरोखर निघालं नाही, तेही झाकत नाही.

राहिलं सिंधुदुर्ग. सुगत मित्रा या संशोधकांनी 1999 साली दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत संगणक बसवला, नंतर तसे आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही आले. पोरं टिचक्या मारत, खेळत, चित्रं काढत बरंच शिकली. मला त्याचा आनंदच आहे. पण यावरून मास्तर नकोत म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं: 2009 पासून खुद्द सुगत मित्रा यांनी इंग्लंडातली माणसं इंटरनेटवरून भारतातल्या मुलांशी बोलायला बसवली. नाव पडलं ‘ग्रॅनी क्लाउड’, ग्रॅनी म्हणजे आजी. त्या आज्यांमध्ये निवृत्त शिक्षिका बऱ्याच होत्या.