तळ उघडला की गहू पडतो, पीठ नाही

‘अमेरिकेत मालगाडीतून धान्य, पीठ, साखर सगळं एकाच जातीच्या डब्यातून येतं. तळाचा दरवाजा सरकवला की डबा आपोआप रिकामा.’ हा दावा इतक्यांदा फॉरवर्ड झालाय की आता बोलायलाच हवं.

आधी खरं ते सांगतो. गहू, मका झाकणाच्या हॉपर डब्यांतून येतात. पोट खाली निमुळतं, रुळांखाली खड्डा. दांडा घालून दरवाजा सरकवला की दाणे घरंगळत खाली. एका डब्यात साधारण ९० टन. इथवर तक्रार नाही.

‘पीठही तसंच.’ इथेच घोळ आहे. मूठभर पीठ घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे तसेच दिसतात. गव्हाचं होतं का असं? डब्यातलं पीठ स्वतःच्या भाराने आणि वाटेतल्या हादऱ्यांनी दबतं. दरवाजा उघडला तर तोंडाजवळचं थोडं पडतं, वरचं कमान धरून अडून बसतं. म्हणून १९५०च्या दशकात एअरस्लाइड डबे आले. त्यांच्या तळाशी सच्छिद्र कापड असतं, त्याखालून हलक्या दाबाने हवा सोडतात. कणाकणांत हवा शिरली की पीठ उतू जायच्या बेतातल्या दुधासारखं थरथरतं आणि वाहू लागतं. दाबाचे डबे तर आणखी वेगळे: झाकणं घट्ट बंद, आत चौरस इंचाला साधारण १५ पौंडांपर्यंत दाब, आणि पीठ नळीतून थेट सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीत. यात ‘पडणं’ कुठेच नाही, उलट पीठ वर चढतं!

‘वरची झाकणं फक्त भरताना लागतात.’ दाबाच्या डब्यापुरतं ठीक. पण काही डब्यांतून माल खालून शोषून काढतात; तेव्हा वरून हवा आली नाही, तर डब्याचा पत्रा आत दबू शकतो. ही हवाही गाळूनच घ्यायची; माल खायचा आहे.

‘आज सिमेंट, उद्या पीठ.’ छे. खाण्याच्या मालाच्या डब्यांना आतून खास लेप असतो, ते वेगळेच ठेवतात. शिवाय सिमेंट पिठाच्या दुपटीहून जड, त्यामुळे त्याचा डबा लहान. शेजारी उभे केले तरी फरक कळेल.

‘पीठच ते, धोका कसला?’ २ मे १८७८ रोजी मिनियापोलिसमधली वॉशबर्न ए गिरणी पिठाच्या धुळीच्या स्फोटात उडाली, १८ माणसं गेली. नळीतून सुसाट जाणाऱ्या पिठामुळे स्थिर वीज साठते, तिच्या ठिणगीने धूळ पेटू शकते, म्हणून माल उतरवण्याआधी डब्याला अर्थिंगची तार लावतात.