फोल्डर दोघांनाच द्यायचा, तर एवढा छळ कशासाठी?

घरातल्या एका संगणकावरचा फोल्डर घरातल्याच दोन ठरावीक माणसांना उघडता यावा आणि इतर कोणालाही उघडता येऊ नये, एवढी साधी गरज भागवताना विंडोज माणसाला ज्या तऱ्हेने रडवते, त्याचा मला मनस्वी संताप येतो.

पहिला अडथळा पासवर्डचा. रोज संगणक सुरू करताना आपण पिन टाकतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडताना नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली की कोणीही तोच पिन टाकणार. पण पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवर अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, तोही ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथल्या अकाउंटचा, आणि पिनच्या सवयीमुळे तो घरात कोणाच्याही लक्षात राहिलेला नसतो. पासवर्डच न ठेवलेल्या अकाउंटला तर नेटवर्कवरून प्रवेशच मिळत नाही. ही बंदी सुरक्षेसाठी आवश्यक आहे, याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. मात्र 'येथे पिन चालणार नाही' हे एक वाक्य त्या चौकटीत लिहिले असते, तर कोणाचे काय बिघडले असते?

त्याहून चीड येते ती परवानग्यांच्या दोन याद्यांची. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये एक यादी 'शेअरिंग'मध्ये, दुसरी 'सिक्युरिटी'मध्ये, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये एखाद्याला 'फुल कंट्रोल' दिले, तरी सिक्युरिटीच्या यादीत त्याला किंवा त्याच्या गटाला जागा नसेल, तर तो बाहेरच राहतो; आणि तो ज्या गटात आहे त्या गटावर कुठे 'डिनाय'ची, म्हणजे मनाईची, खूण असेल, तर त्याच्या नावापुढची परवानगीही सहसा निरुपयोगी ठरते. इतके सगळे घडूनही पडद्यावर केवळ 'परवानगी नाही' असा कोरडा संदेश येतो. कोणत्या यादीने अडवले, हे तो सांगत नाही. कोणाला प्रत्यक्षात काय करता येईल, हे तपासणारा 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' हा टॅब आहे खरा, पण तो सिक्युरिटीमधल्या 'ॲडव्हान्स्ड'च्या आत असा दडवला आहे की सामान्य माणूस तिथवर पोहोचतच नाही.

घरासाठी म्हणून 2009 मध्ये विंडोज 7 सोबत होमग्रुप, म्हणजे घरातल्या संगणकांमध्ये फायली शेअर करण्याची सोपी सोय, आणला गेला आणि 2018 मध्ये विंडोज 10 मधून तो काढूनही टाकला. शिवाय वापरकर्ते आणि गट सांभाळण्याची सोयीची खिडकी नेमकी विंडोजच्या 'होम' आवृत्तीतच दिलेली नाही.

या सगळ्याला कंटाळून लोक काय करतात? शेअरिंगला असलेले पासवर्डचे संरक्षण बंद करतात आणि दोन्ही याद्यांत 'एव्हरीवन', म्हणजे सगळेच, निवडून मोकळे होतात. बहुतेक वेळा लगेच सगळे सुरळीत चालू लागते, म्हणजेच घराच्या वाय-फायशी जोडलेल्या कोणालाही त्या फोल्डरमधले कराचे कागद आणि ओळखपत्रांच्या प्रती उघडता येतात. जो मार्ग सर्वांत धोकादायक, तोच सर्वांत सोपा करून ठेवायचा आणि पुढे काही घडले की 'वापरणाऱ्याने काळजी घेतली नाही' असे म्हणायचे, हे मला अजिबात मान्य नाही.