व्हिडिओ बघितला म्हणजे विषय आला?

"सर, व्हिडिओ पूर्ण बघितलाय की!" हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं. अरे बघितलास, पण वहीत एक ओळ तरी आहे का? सांगलीत विश्रामबागेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. मोबाइल पुस्तकाला टेकवलेला, वेग दुप्पट, एका कानात इयरफोन, दुसऱ्या कानाने गप्पा. पडद्यावरचे सर बीमचा बेंडिंग मोमेंट (भारानं तुळई किती वाकू पाहते त्याचं गणित) काढतायत आणि हा पठ्ठ्या व्हिडिओ पुढं पळवतोय. पेनाचं टोपणसुद्धा उघडलेलं नाही!

एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात, केवढी मोठी सोय! पण दर आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, ही पोरं टिक करून मोकळी. असाइनमेंटला गुण 25 टक्के. उरलेले 75 केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. तिथं कुठला ग्रुप येणार? मग तोंड पाडून येतात, "पेपर लय अवघड होता सर." अवघड नव्हता रे! तेच गणित व्हिडिओ थांबवून एकदा स्वतःच्या हातानं सोडवलं असतंस, तर कुठं अडतंय ते तिथंच कळलं असतं. वर्गात मला थांबवायला लाजता, ठीक आहे. तिथं पॉजचं बटण दाबायला कुणाची लाज वाटते?