न ऐकू येणारा ध्वनी आणि भयपटांचे ट्रेलर: एका फिरत्या मजकुराला उत्तर

सांगली, मिरज, कऱ्हाड या पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक मजकूर अधूनमधून डोके वर काढतो. एखाद्या भयपटाचा ट्रेलर चर्चेत आला की तो नव्याने फिरू लागतो. त्याचा सारांश असा: भयपटांच्या ट्रेलरमध्ये माणसाच्या कानाला ऐकू न येणारा 'इन्फ्रासाउंड' मिसळलेला असतो आणि तोच छातीत धडकी भरवतो, मध्येमध्ये एकेका फ्रेमपुरती भयानक चित्रे लपवलेली असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत पण मेंदूत घर करतात, आवाज बंद केला की भीती नाहीशी होते, हाच याचा पुरावा, हे सारे तंत्र परदेशी असून आपला साधाभोळा प्रेक्षक त्याला बळी पडतो, आणि सेन्सॉर बोर्ड डोळे मिटून हे संमत करते, म्हणून मुलांना कोणताच ट्रेलर दाखवू नका. मजकुरात 'शास्त्रज्ञांच्या मते' हे शब्द अनेकदा येतात, शास्त्रज्ञाचे नाव मात्र एकाचेही येत नाही.

मुलांविषयीची काळजी रास्त आहे आणि तिच्याकडे शेवटी येईन. बाकीची विधाने एकाच समजुतीवर उभी आहेत: आपण घाबरलो, म्हणजे आपल्या नकळत कोणीतरी काहीतरी आत सोडले असणार. भयपटाचा ट्रेलर जे करतो ते उघड्यावर करतो, आणि या चित्रप्रकाराचे संकेत प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतात म्हणूनच ते साधते, असे माझे म्हणणे आहे.

आधी न ऐकू येणाऱ्या ध्वनीविषयी. माणसाचा कान ढोबळमानाने 20 ते 20,000 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपने) या टप्प्यातले आवाज ऐकतो आणि 20 हर्ट्झच्या खालच्या कंपनांना इन्फ्रासाउंड म्हणतात. ही कल्पना निव्वळ हवेतून आलेली नाही. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील अभियंता विक टँडी यांनी 1998 साली एक शोधनिबंध लिहिला होता. आपल्या प्रयोगशाळेत जाणवणारी अस्वस्थता आणि डोळ्यांच्या कडेला दिसल्यासारखी वाटणारी करडी आकृती यांचा संबंध त्यांनी तिथल्या पंख्यातून उठणाऱ्या सुमारे 19 हर्ट्झच्या कंपनाशी जोडला. ती एक विशिष्ट लांबीची बंद खोली होती आणि तिच्यात ती लाट अडकून उभी राहिली होती. फ्रान्समध्ये 2002 साली आलेल्या 'इर्रिव्हर्सिबल' या चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात सुमारे 27-28 हर्ट्झची गुरगुर वापरल्याचेही नेहमी सांगितले जाते. पण तो आकडा 20 च्या वर आहे, ती गुरगुर चित्रपटगृहाच्या मोठ्या ध्वनियंत्रणेसाठी होती आणि ती चित्रपटात होती, ट्रेलरमध्ये नव्हती.

आता आपण ट्रेलर कशावर पाहतो ते पाहू. बहुतेक लोक तो मोबाइलवर पाहतात. मिरजेत घडवलेला तंबोरा काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, षड्जाला लावला, तर त्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या स्वराच्या) तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे 69 हर्ट्झ येते. त्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर लावून ऐकले, तर खर्ज ओळखता येतो, पण तो जवारीतून, म्हणजे तार टेकते त्या घोडीवरच्या घासणीतून, उठणाऱ्या वरच्या स्वरांवरून; मूळ कंपन तो इवलासा स्पीकर जवळजवळ काढतच नाही. ज्या यंत्राला 69 हर्ट्झ झेपत नाहीत, ते 19 हर्ट्झची हवेत सुमारे 18 मीटर लांब पसरणारी लाट निर्माण करील आणि तिने कवठेमहांकाळच्या एखाद्या घरातले कॉट हादरेल, हे मानायला कोणतीच वाट उरत नाही. चित्रपटगृहात खालच्या पट्टीतली घरघर छातीत जाणवते, हे खरे. मात्र ती ऐकूही येते, आणि ऐकू यावी म्हणूनच ती तिथे घातलेली असते.

लपवलेल्या चित्रांचा मुद्दा त्याहून जुना आहे आणि तो लवकर संपतो. अमेरिकेतील जाहिरात-संशोधक जेम्स व्हिकरी यांनी 1957 साली दावा केला की न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात पडद्यावर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते संदेश झळकवून त्यांनी पॉपकॉर्न आणि कोका-कोलाची विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली आणि 1962 साली त्यांनीच एका मुलाखतीत कबूल केले की त्या दाव्यामागे म्हणण्यासारखी माहिती नव्हती. प्रयोगशाळेत अतिअल्पकाळ दाखवलेल्या चित्रांचे किरकोळ आणि क्षणिक परिणाम नोंदले गेले आहेत. त्यांवरून कोणाची झोप उडवण्यापर्यंत उडी मारता येत नाही. शिवाय चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम या गतीने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंद टिकते आणि एवढ्या वेळात काहीतरी चमकून गेल्याचे सावध डोळ्याला कळते. 'द एक्झॉर्सिस्ट' या 1973 च्या चित्रपटात पांढराफटक चेहरा क्षणभर झळकतो, तो प्रेक्षकांनी पाहिला आणि त्यावर आजही बोलले जाते. ज्याला शंका असेल त्याने कोणताही ट्रेलर एडिटिंगच्या साध्या अॅपमध्ये फ्रेम-फ्रेमने सरकवून पाहावा.

तिसरे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याला अधिक जागा द्यावी लागते. आवाज बंद केला की बहुतेक ट्रेलर निम्मे होतात, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की त्या आवाजाबरोबर नेमके काय निघून जाते.

भयपटाच्या ट्रेलरची ध्वनिरचना आता इतकी ठरून गेली आहे की ती कागदावर मांडता येईल. सुरुवातीला घरगुती आवाज येतात: गाडीचे दार, मुलांचे हसणे, नव्या घराच्या किल्ल्या. मग एखादे ओळखीचे बालगीत किंवा जुने गाणे अतिशय संथ लयीत वाजू लागते. पुढे एक स्वर हळूहळू वर चढत जातो, तो कुठे थांबेल हे कळत नाही, आणि अचानक सगळे आवाज तोडून टाकले जातात. दीड-दोन सेकंद काहीच नसते. नंतर दणका बसतो. या दणक्याने शरीर दचकते ते एका प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. अनपेक्षित मोठ्या आवाजाने पापणी मिटण्याची क्रिया 50 मिलिसेकंदांच्या आत सुरू होते आणि तिला भूत लागत नाही, मागून कोणी फटाका लावला तरी ती घडते. 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात 2010 साली आलेल्या एका अभ्यासात भयपटांच्या ध्वनिपट्ट्यांमध्ये किंकाळ्यांसारखे कर्कश, विस्कटलेले आवाज अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्याचे नोंदले आहे, आणि संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या ओरडण्याशी त्यांचे साम्य आहे. हे सगळे आवाज कानाला नीट ऐकू येणारे आहेत.

दचकणे मात्र क्षणात ओसरते. ट्रेलर ज्यावर जगतो ती भीती दणक्याच्या आधीच्या शांततेत असते, आणि ती शांतता भीतिदायक ठरते कारण तिच्यानंतर काय येते हे आपण आधीच्या पन्नास चित्रपटांत शिकलेलो असतो. आवाज बंद केल्यावर ही शांतताही जाते, कारण सगळेच निःशब्द असेल तर शांत झाले हे कळणार कसे? चित्रांचे संकेतही असेच काम करतात. स्नानगृहातील आरशाचे कपाट कोणी उघडले की ते बंद होताना आरशात दुसरे कोणी दिसणार, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणून कसबी संकलक ते कपाट बंद करतो आणि आरशात कोणालाच दाखवत नाही. सुटलेला श्वास पुन्हा आत घेतला जाण्याआधी तो पुढच्या दृश्यात काम साधतो. पात्र चौकटीच्या एका कडेला उभे करून उरलेली जागा रिकामी, अंधारी ठेवणे, घाबरलेला चेहरा आधी दाखवून कारण नंतर दाखवणे किंवा दाखवणेच टाळणे, आणि चित्रपटाचे नाव झळकून गेल्यावर, सगळे संपले असे वाटत असताना एक शेवटचा धक्का ठेवणे, हेही असेच. त्या शेवटच्या धक्क्याची तर मला गंमतच वाटते: तो येणार हे थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत असते आणि तरीही नाव पडद्यावर येताच कोणी पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घालत नाही.

आणि दणक्याशिवायही ट्रेलर घाबरवतो. 'द शायनिंग' या 1980 च्या चित्रपटाच्या पहिल्या ट्रेलरमध्ये एकच स्थिर दृश्य आहे. हॉटेलातील लिफ्टची लाल दारे समोर आहेत, त्यांवरून नावे वर सरकत जातात, आणि नावे संपल्यावर बाजूच्या फटीतून रक्ताचा लोंढा येऊन खुर्च्या तरंगू लागतात. त्याला साजेसे संगीत आहे, पण दचकवणारा ठोका नाही. 'सायको' या 1960 च्या चित्रपटाचा सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर तर आणखी नामी आहे: दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः मोटेल आणि घर हिंडून दाखवतात, घर विकायला काढल्यासारख्या खेळकर स्वरात बोलतात, आणि काय घडले ते सांगता सांगता वाक्य मध्येच तोडतात. त्या तुटलेल्या वाक्यांतून प्रेक्षक स्वतःच उरलेले भरून काढतो. शेवटी पडदा ओढल्यावर येणारी किंकाळी ही जवळजवळ पोच आहे.

हे सारे तंत्र परदेशी आहे, हे चौथे विधान सांगलीत बसून कोणी करावे, याचे मला नवल वाटते. विष्णुदास भावे यांनी 1843 साली याच शहरात 'सीता स्वयंवर' रंगवले. त्यांच्या धर्तीच्या पौराणिक नाटकांमध्ये राक्षसाचे सोंग घेतलेला नट तलवार परजत, 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत रंगमंचावर येई. ती आरोळी म्हणजे राक्षस, हे प्रेक्षकांना पक्के ठाऊक होते, आणि तो धसका घ्यायलाच ते येत. ठरावीक आवाज, ठरावीक प्रवेश, आधीपासून लागलेली वाट: ट्रेलरच्या कात्रीने केलेले काम यापेक्षा जातीने वेगळे नाही.

संकेत बाहेरून येत असतील, पण ते रुजतात ते इथल्या जमिनीत. हिंदी भयपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रामसे बंधूंनी 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटाचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला केले. 'लपाछपी' या मराठी भयपटाने रिकाम्या हवेलीची जागा उसाच्या फडाला दिली आणि त्याची हिंदी आवृत्ती 'छोरी' 2021 साली आली. वाळवा, शिराळा, कऱ्हाड या भागात फडात बिबट्या असू शकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला उसाच्या पाचटाची सळसळ घाबरवते आणि त्या सळसळीत परदेशी असे काहीच नाही. प्रेक्षकाला साधाभोळा म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की ज्याला संकेत कळत नाहीत तो घाबरत नाही, तो कंटाळतो.

ट्रेलरवाल्यांच्या बाजूने मी सरसकट बोलतो आहे, असे मात्र कोणी समजू नये. आक्षेप घ्यायचाच तर 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीवर घ्यावा. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' 1999 साली आला तेव्हा चित्रपटातली माणसे खरोखरच बेपत्ता आहेत असे भासवणारी प्रसिद्धी संकेतस्थळावरून आणि पत्रकांवरून केली गेली होती. तिथे फसवणूक डोळ्यांसमोर होती आणि अनेकांनी ती खरी मानली.

राहिला मुलांचा आणि सेन्सॉरचा प्रश्न. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला चित्रपटापासून स्वतंत्रपणे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि 2024 च्या नियमांनी यूए गटाचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे) 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत. यूट्यूबवरचा ट्रेलर या प्रमाणपत्राच्या कक्षेत येत नाही, आणि मुले तो पाहतात तिथेच. चूक चित्रपटगृहातही होऊ शकते: ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये एप्रिल 2018 मध्ये सशांच्या एका बालचित्रपटाआधी 'हेरेडिटरी' या भयपटाचा ट्रेलर चुकून लागला आणि पालकांनी मुलांचे डोळे-कान झाकत बाहेर धाव घेतली. त्यात न ऐकू येणारे, न दिसणारे काहीच नव्हते. जे होते ते चार-पाच वर्षांच्या मुलांनी पाहण्याजोगे नव्हते, कारण पडद्यावरचे रक्त रंग आहे हे कळण्याचे त्यांचे वय नसते. तेव्हा पालकांनी मोबाइलवरील आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करावेत, मुलाला बालचित्रपटाला नेताना आधी कोणते ट्रेलर लागणार हे तिकीट खिडकीवर विचारावे, आणि वयाला न शोभणारा ट्रेलर लागलाच तर व्यवस्थापकाकडे त्याच वेळी लेखी तक्रार द्यावी.