फ्लोरियानाच्या चार वर्षं आधी

माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटाच्या फुटबॉलवरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. १८९४चा फ्लोरियाना हा माल्टातला सर्वांत जुना क्लब असं तुम्ही लिहिलंय. तो मान बोर्मलाच्या सेंट जॉर्जेसकडे जातो, त्याची स्थापना १८९०ची मानतात. बोर्मला म्हणजेच कोस्पिकुआ, तेव्हाच्या ब्रिटिश नौदलाच्या गोदीला खेटून वसलेलं गाव. गोरे सैनिक आणि खलाशी चेंडू घेऊन उतरले, गोदीतल्या पोरांनी ते बघितलं आणि खेळ उचलला. बंदरांच्या गावांत फुटबॉल असाच पोचला.

फ्लोरियानाचा हिरवा-पांढरा पोशाखही रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स या आयरिश पलटणीकडून आलेला, हे लेखात यायला हवं होतं. लीग सुरू झाली १९०९-१० मध्ये आणि पहिलं विजेतेपद फ्लोरियानाचंच, त्यात वाद नाही.

सेंट जॉर्जेसच्या वाट्याला विजेतेपद एकदाच आलं, १९१६-१७ साली, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना. दोनच वर्षांनी लीग जिंकली ती चक्क एका लष्करी संघानं! त्या काळच्या बेटावर पलटण आणि फुटबॉल किती एकमेकांत मिसळलेले होते ते यावरून कळतं. दुसऱ्या महायुद्धात गोदीमुळेच बोर्मलावर बॉम्बचा वर्षाव झाला, गाव पार उद्ध्वस्त झालं. तरी क्लब टिकला. मला तर त्या एका विजेतेपदापेक्षा हे टिकणंच मोठं वाटतं.

आणि हो, माल्टातल्याच ग्झिरा गावच्या जुन्या एम्पायर स्टेडियममध्ये गवत नव्हतं. १९७१मध्ये इंग्लंडचा संघ तिथे खेळला आणि जेमतेम १-० नं जिंकला. त्यावर स्वतंत्र लेख लिहाच.