संपत आलेला रोग वाचवायचा कसा?

अभिनंदन! तुम्ही एका श्रीमंत देशाचे अर्थमंत्री झाला आहात. (नसाल झालात, तरी हा लेख संपेपर्यंत तसं धरून चाला, त्या खुर्चीत बसल्याशिवाय पुढचं शहाणपण पचायचं नाही.) तिजोरीत खडखडाट आहे, संरक्षणमंत्री रोज दारात उभे आहेत आणि पेन्शनला हात लावला तर सरकार पडेल. मग कात्री चालवायची कुठे? माझी शिफारस एकच. परदेशांतल्या साथीच्या रोगांवरचा खर्च. क्षयरोग, हिवताप, एड्स, सगळं त्यात आलं. या रोगांनी मरणाऱ्यांची नावं तुमच्या मतदारयादीत नसतात. हिवतापाने २०२३ मध्ये जगभरात सुमारे सहा लाख माणसं गेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. त्या वयात तर स्वतःच्या देशातही मत देता येत नाही.

रक्कम लहान आहे म्हणून बिचकू नका. अंदाजपत्रकातला किती भाग परदेशी मदतीवर जातो, असं अमेरिकेतल्या लोकांना विचारलं तर सरासरी उत्तर पाव हिश्श्याच्या आसपास येतं. खरा आकडा एक टक्क्याच्या आगेमागे. म्हणजे एक टक्का कापायचा आणि श्रेय पंचवीस टक्क्यांचं घ्यायचं. दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळेल असा सौदा?

आता मुहूर्त. नवशिके मंत्री इथेच चुकतात. साथ ऐन भरात असताना पैसे बंद केले तर वर्तमानपत्रं ओरडतात. रोग जवळजवळ संपत येईपर्यंत थांबावं. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा अंदाजपत्रक मांडतानाच रचली असावी.

या बाबतीत श्रीलंकेचा, म्हणजे तेव्हाच्या सिलोनचा, धडा गिरवण्यासारखा आहे. १९४६ मध्ये तिथे हिवतापाचे २७-२८ लाख रुग्ण होते. घराघरांत डीडीटी हे डास मारणारं कीटकनाशक फवारलं, तापाच्या रुग्णांचं रक्त तपासलं, औषधं दिली, आणि १९६३ साली अख्ख्या बेटावर रुग्ण सापडले १७. सतरा! त्यांतलेही निम्म्याहून जास्त बाहेरून रोग घेऊन आलेले. आता तुम्हीच सांगा, सतरा माणसांसाठी एवढे फवारणीवाले पोसायचे? कोणत्याही हिशेबनीस माणसाचा जीव कासावीस होईल. तिथल्या सरकारचाही झाला. फवारणी आवरती घेतली, पाहणी सैलावली. डासांना मात्र कोणी सेवानिवृत्त केलं नव्हतं. पाऊस कमी पडला, नद्यांच्या पात्रांत डबकी उरली, रत्नांच्या खाणींतल्या खड्ड्यांत पाणी साचलं आणि १९६८-६९ मध्ये हिवताप परत आला. एकट्या १९६९ मध्ये पाच लाखांहून अधिक रुग्ण. पुढे डीडीटीला डास दाद देईनासे झाले, म्हणून महागडं नवं कीटकनाशक आणावं लागलं. श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं २०१६ साली. सतरा रुग्णांवर आलेलं काम पुरतं संपायला त्रेपन्न वर्षं! ही खरी दीर्घकालीन बचत.

भारतही फार मागे नव्हता. १९६५ मध्ये नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास, १९७६ मध्ये चौसष्ट लाख. इथे ढिलाईच्या जोडीला कीटकनाशकांची टंचाई होती, डासही निर्ढावले होते. पण यशाचं श्रेय आपण एकट्याने घेऊ नये.

आपल्याकडचं एक संस्कृत सुभाषित तुम्हाला अडचणीत आणू शकतं. कर्ज, आग आणि रोग यांचा शेष ठेवू नये, तो पुन्हा वाढतो, असा त्याचा अर्थ. अर्थखात्यात एखादा जुन्या वळणाचा सचिव असेल तर तो हे ऐकवील. त्याची बदली पशुसंवर्धनात करा. तिथेही लसीकरणाचा खर्च असतो म्हणा.

तुम्हाला वाटेल, हे सगळं गरीब देशांत घडतं, आपल्याला झळ कुठली? तर हा घाबरवणारा प्रसंग न्यूयॉर्कचा ऐका. क्षयरोग संपल्यातच जमा आहे असं ठरवून अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७२ मध्ये त्यासाठीचा राखीव निधी बंद केला. शहरानेही खाटा आणि दवाखाने कमी केले. मग बेघरांची गर्दी वाढली, एड्स आला आणि क्षयरोगाला रान मोकळं मिळालं. १९७८ ते १९९२ या काळात शहरातले रुग्ण जवळजवळ तिप्पट झाले. १९८८ मध्ये हार्लेममधल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने ज्या क्षयरुग्णांना घरी सोडलं, त्यांतल्या ८९ टक्क्यांनी कोर्स पुरा केलाच नाही. अर्धवट गोळ्या खाल्लेल्या जंतूंनी यातून व्हायचा तो बोध घेतला. १९९१ च्या पाहणीत शहरातल्या दर पाच क्षयरुग्णांमागे जवळपास एकाला दोन्ही मुख्य औषधं लागू पडत नव्हती. शेवटी रुग्णासमोर उभं राहून गोळी गिळायला लावणारे कर्मचारी नेमावे लागले, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात वेगळा कक्ष बांधावा लागला, आणि एकूण खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. पण लक्षात घ्या, १९७२ मध्ये सही करणाऱ्यांपैकी एकालाही हे बिल चुकवावं लागलं नाही. तुम्हालाही लागणार नाही.

काही उदाहरणांपासून मात्र चार हात दूर राहा. देवीच्या रोगाचं नाव तर चारचौघांत काढूच नका. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले असतानाही या एका कामात दोघे एकत्र आले. १९६७ पासून जोर लावला, १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. जगभरात मिळून खर्च सुमारे तीस कोटी डॉलर. त्यानंतर सर्वसामान्य लोकांना देवीची लस टोचत राहण्याची गरज कोणत्याही देशाला उरली नाही. अशा गोष्टी पसरल्या की लोकांना वाटू लागतं, पैसे टाकले तर रोग खरंच संपतो.

एड्सचंही तेच. २००० च्या सुमारास त्याच्या औषधांना माणशी वर्षाला दहा-बारा हजार डॉलर लागत, त्यामुळे आफ्रिकेत ती द्यायची कशी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा संच दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला आणि सगळा घोळ झाला. २००२ मध्ये जिनिव्हात एड्स, क्षयरोग आणि हिवताप यांच्याशी लढायला पैसा पुरवणारा ग्लोबल फंड उभा राहिला. २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी, डाव्या विचारांचा आरोप ज्यांच्यावर कोणी करणार नाही अशा माणसाने, पाच वर्षांसाठी पंधराशे कोटी डॉलरची एड्सविरोधी योजना जाहीर केली.

सुदैवाने ताजे आदर्शही आहेत. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत ‘फेरआढाव्यासाठी’ नव्वद दिवस थांबवली. या पद्धतीचं सौंदर्य तिच्या अचानकपणात आहे. दक्षिण आफ्रिकेत एड्सचा विषाणू एचआयव्ही रोखणाऱ्या, योनीत बसवायच्या एका प्रायोगिक रिंगची चाचणी चालू होती. काम थांबवण्याचा हुकूम आला तेव्हा ती रिंग स्त्रियांच्या शरीरात होती. तुम्ही असा हुकूम काढाल तेव्हा त्याची एक प्रत विषाणूलाही पाठवा, म्हणजे तोही नव्वद दिवस थांबेल. ब्रिटनने त्याच वर्षी जास्त सभ्य मार्ग धरला: परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायची आणि पैसे संरक्षणाकडे वळवायचे. क्षयाचे जंतू पासपोर्ट काढून येत नाहीत, त्यामुळे तो संरक्षणाचा विषय ठरत नाही.

‘त्या देशांनी आता स्वतःच्या पायावर उभं राहावं’ हे वाक्य पाठ करा. ते खोटं नाही, म्हणूनच फार कामाचं आहे. २००१ मध्ये अबुजा इथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा पंधरा टक्के भाग आरोग्याला देण्याचं वचन दिलं आणि बहुतेकांनी ते पाळलं नाही. हा मुद्दा जरूर काढा. फक्त कुबडी काढून घेतल्यावर चालायला शिकवायचं की आधी, या तपशिलात शिरू नका.

निधीसाठी परिषदा भरतात, तिथे जावंच लागतं. २०२५ च्या नोव्हेंबरात जोहान्सबर्गला ग्लोबल फंडाने १८०० कोटी डॉलर मागितले होते, त्या दिवशी कबूल झाले सुमारे ११३४ कोटी. व्यासपीठावरून सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले. तुम्हीही आकडा कमी करा आणि ‘बांधिलकी’ हा शब्द दोनदा वापरा.

राहता राहिले ते पत्रं लिहिणारे. खासदारांना फोन करणारे, संसदेसमोर फलक धरणारे, एचआयव्हीग्रस्तांचे आकडे तोंडपाठ असणारे. यांना कमी लेखू नका. दक्षिण आफ्रिकेत झॅकी अखमत हा स्वतः एचआयव्हीबाधित कार्यकर्ता सरकारी दवाखान्यांत सगळ्यांना औषध मिळेपर्यंत मी घेणार नाही म्हणून अडून बसला, आणि त्याच्या संघटनेने सरकारला कोर्टात खेचून हरवलंही. असे लोक भेट मागायला आले तर नाही म्हणू नका. चहा सांगा, नीट ऐकून घ्या, वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करा. वेळ मात्र अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतरच्या आठवड्यातली द्या.